सगळं उघड आहे म्हणे!



"सगळं उघड आहे, ज्याला हवं त्याने तपासावं." ब्लॉकचेनवाल्यांचं हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्या वेळा कानावर पडलंय की आता ते आरतीसारखं पाठ झालंय. आज मला या वाक्याशी भांडायचंय. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. खोटं असतं तर भांडण सोपं होतं. ते अर्धं आहे. वही उघडी असणं वेगळं, ती वाचता येणं वेगळं, आणि आपण वाचलं ते सगळं होतं याची खात्री असणं त्याहून वेगळं. या तिन्हींच्या मधे जी फट आहे तिथे कोणीतरी बसलेलं असतं. कोण, ते सांगते.

(ब्लॉकचेन म्हटलं की ज्यांना बिटकॉइनचा भावच आठवतो त्यांनी निर्धास्त वाचावं. भावाबद्दल इथे एक अक्षर नाही.)

आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला ही उठाठेव कशाला? तर कारण आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक छोटा मदतनिधी आहे. दरवर्षी काही मुलामुलींची फी, पुस्तकं, वसतिगृहाचा खर्च त्यातून भागतो. हिशेब तपासायचं काम बरीच वर्षं मी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ करतो. आता परदेशातल्या काही उत्साही मुलांनी (मुलं म्हणजे पन्नाशीची!) प्रस्ताव मांडलाय, की पैसे बँकेतूनच जावेत-यावेत, पण प्रत्येक देणगी आणि प्रत्येक वाटप यांची नोंद इथेरियमवरच्या एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधून व्हावी. इथपर्यंत ठीक. प्रस्तावाचं शेवटचं कलम असं, की नोंदी सर्वांसाठी खुल्या असल्यामुळे यापुढे हिशेब तपासनिसांची गरज उरणार नाही. "बाई, तुम्हाला या वयात त्रास नको," असंही वर प्रेमाने कळवलंय. प्रेम पोचलं. कलमाला माझा विरोध आहे.

विरोध करायचा तर आधी समजून घ्यायला हवं. माझा भाचा बंगळुरूला याच धंद्यात आहे. त्याने दोन रविवार खर्ची घातले आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर फाउंड्री नावाची हत्यारपेटी बसवून दिली. तिच्यात 'कास्ट' नावाचं एक हत्यार असतं. काळ्या खिडकीत आज्ञा टंकायची आणि साखळीवरच्या नोंदी मागवायच्या. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. मला ते आवडलं, कारण नेमकं काय मागितलं ते आपल्याच शब्दांत समोर राहतं.

आता या नोंदी म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे गावच्या दफ्तरात सातबारा असतो आणि फेरफार नोंदवही असते. सातबारा सांगतो आज जमीन कुणाची; फेरफार सांगतो ती कुणाकडून कुणाकडे कधी गेली. इथेरियमवरही कॉन्ट्रॅक्टची स्वतःची साठवण असते, ती सातबाऱ्यासारखी, आणि कॉन्ट्रॅक्टने वेळोवेळी काढलेले 'इव्हेंट' असतात, ते फेरफारासारखे. या इव्हेंटच्या नोंदींना लॉग म्हणतात. साठवणीत नवा आकडा ठेवायला २०,००० 'गॅस' किंवा जास्तच लागतो (गॅस म्हणजे तिथलं मोजमाप, त्यावर फी ठरते), आणि लॉगला मूळ ३७५, प्रत्येक टॉपिकला आणखी ३७५ आणि मजकुराच्या दर बाइटला ८. म्हणजे लॉग स्वस्त. स्वस्त का? कारण कॉन्ट्रॅक्टला स्वतःचे लॉग पुन्हा वाचताच येत नाहीत. ते फक्त बाहेरच्यांसाठी लिहिलेले असतात. आवक-जावक रजिस्टरात लिहून टाकलं आणि वही बाहेरच्या खिडकीवर ठेवली, असा प्रकार.

टॉपिक म्हणजे नोंदीचे शोधता येणारे रकाने. एका लॉगला जास्तीत जास्त ४. त्यातला पहिला साधारणपणे इव्हेंटच्या नावाचा हॅश असतो, म्हणून प्रत्यक्ष माहितीला उरतात ३. बाकी सगळं 'डेटा' नावाच्या गाठोड्यात जातं. आणि इथेच पहिला गंमतीचा भाग आहे. नोड तुम्हाला फक्त टॉपिकवरून आणि कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावरून गाळून देतो. गाठोड्यात काय आहे यावरून तो गाळत नाही. ते सगळं घरी आणून तुम्हीच सोडायचं. कुठला रकाना शोधता येईल हे कोण ठरवतं? कॉन्ट्रॅक्ट लिहिणारा, लिहितानाच. निधीच्या प्रस्तावासोबत कॉन्ट्रॅक्टचा जो कच्चा मसुदा आलाय त्यात देणगीदार शोधता येतो, तारीख शोधता येते, पण कुठल्या मुलाला किती मिळाले हे गाठोड्यात! मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण देणाऱ्याचं नाव ठळक आणि घेणाऱ्याचं बासनात, ही आपल्या संगमरवरी पाट्यांची सवय कॉम्प्युटरवरही सुटली नाही, एवढंच.

अजून एक मेख आहे. वाक्य किंवा नाव असा मजकूर शोधण्याजोगा करायचा म्हटलं तर टॉपिकमध्ये तो मजकूर जातच नाही, त्याचा हॅश जातो. हॅशवरून मूळ शब्द उलगडत नाही. तुम्हाला शब्द आधीच ठाऊक असेल तर तो आहे का ते तपासता येतं. ठाऊक नसेल तर नोंद समोर असून मुकी. पुण्याच्या पेशवे दफ्तराची मला आठवण झाली. कागद होते, हजारो रुमाल होते, पण मोडी वाचणारा आणि निवडणारा माणूस बसल्याशिवाय त्यातून सरदेसायांचे ४५ खंड निघाले नसते. आणि ज्या कागदांची निवड झाली नाही ते कुणाच्या वाचनातही आले नाहीत. कागद होते म्हणजे इतिहास उघड होता असं कोण म्हणेल?

असो. हत्यार चालवायला बसले. सरावासाठी भाच्याने यूएसडीसी हे डॉलरच्या भावाने चालणारं नाणं निवडलं. या नाण्यांचा 'ईआरसी-२०' हा नमुना फॅबियन फोगेलस्टेलर आणि विटालिक ब्युटेरिन यांनी २०१५ च्या नोव्हेंबरात मांडला. त्यात 'ट्रान्सफर' नावाचा इव्हेंट ठरलेला आहे: कुणाकडून, कुणाकडे, किती. पहिले दोन शोधता येतात, रक्कम गाठोड्यात. मी अमुक ब्लॉकपासून तमुक ब्लॉकपर्यंतच्या नोंदी मागितल्या. आलं काय? नोंद जास्त झाल्या, मर्यादा ओलांडली, कमी मागा. फुकट नोड वापरू देणाऱ्या बहुतेक कंपन्या अशी काहीतरी मर्यादा घालतात. कुणी ब्लॉकांच्या संख्येवर, कुणी निकालांच्या. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला सुमारे ७,२००. गर्दीच्या नाण्याच्या नोंदी मागायच्या तर हा दिवस तुकड्या-तुकड्यांनी मागावा लागतो, आणि तुकडे जोडताना एकही ब्लॉक सुटला नाही, एकही दोनदा आला नाही, हे बघायचं काम आपलं. म्हणजे काय झालं? वही खुली, पण खिडकीवरचा कारकून एका वेळी दहाच पानं देणार.

निदान हा कारकून "जास्त मागताय" असं सांगतो तरी. मला भीती वाटते ती न बोलणाऱ्या उत्तराची. इव्हेंटच्या नावाचं पहिलं अक्षर इंग्रजीतल्या मोठ्या लिपीत असतं. ते छोटं टंकलं की हॅश पूर्ण बदलतो. पत्ता २० बाइटचा असतो आणि टॉपिकचा रकाना ३२ बाइटचा, म्हणून पत्त्याआधी शून्यं भरावी लागतात. काही हत्यारं ती आपोआप भरतात, काहींत हाताने भरायची आणि चुकली तर बोंब. चुकीच्या साखळीवर विचारलं, चुकीच्या ब्लॉकापासून विचारलं, पाठवणाऱ्याच्या जागी घेणारा टाकला... या सगळ्यांचं बरेचदा एकच उत्तर येतं: रिकामी यादी. दोन चौकोनी कंस, मधे काही नाही. आणि खरंच काही घडलेलं नसेल तरीही उत्तर तेच! "असं काही झालंच नाही" आणि "तुम्ही प्रश्न चुकीचा विचारला" या दोन वाक्यांचा चेहरा जिथे एकसारखा दिसतो, तिथे तपासनीस नको म्हणणं म्हणजे कमाल आहे. वर्गात "कुणाला शंका आहे का?" विचारल्यावर होणारी शांतता बघितलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे कळेल.

उलटही होतं. ट्रान्सफर या इव्हेंटचा हॅश 'डीडीएफ२५२एडी' असा सुरू होतो, या धंद्यातली माणसं तो नुसत्या नजरेने ओळखतात. पण एकेकटी चित्रं-वस्तू यांच्यासाठी असलेल्या 'ईआरसी-७२१' नमुन्यातही ट्रान्सफर आहे आणि त्याचा हॅश अगदी हाच. फरक एवढाच, की तिथे तिसरी गोष्टही शोधण्याजोगी असते, म्हणून टॉपिक ४ येतात, पैशांच्या नोंदीत ३. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता न देता नुसत्या या हॅशवर गाळलं तर पैसे आणि चित्रं एकाच पोत्यात. शिवाय रकमेचा आकडा दशांशचिन्हाशिवाय येतो. यूएसडीसीच्या नोंदीत १०,००,००० लिहिलेलं असतं आणि तो असतो एक डॉलर. दुसऱ्या नाण्याला ६ ऐवजी १८ शून्यं. किती शून्यं कापायची हे नोंदीत नसतं, कॉन्ट्रॅक्टला वेगळं विचारावं लागतं.

बरं, हे सगळं कष्टाने जमतं असं धरू. मला जमलं म्हणजे कुणालाही जमेल. मग तरी हाती काय येतं? इव्हेंट म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे, कॉन्ट्रॅक्टने केलेलं विधान आहे. कॉन्ट्रॅक्ट लिहिणारा त्यात वाटेल ते लिहू शकतो.

२०२१ चं उदाहरण घ्या. बीपल या अमेरिकन चित्रकाराचं डिजिटल चित्र ११ मार्च २०२१ ला ख्रिस्तीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं. पुढच्याच महिन्यात 'मस्यू पर्सोन' असं टोपणनाव घेतलेल्या एकाने त्याच चित्राची दुसरी प्रत साखळीवर आणली, आणि नोंदी काय सांगत होत्या? ती बीपलनेच काढली! युक्ती साधी होती. आपल्याच कॉन्ट्रॅक्टमधून प्रत बीपलच्या पत्त्यावर काढायची, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवलेल्या चोरदारातून ती परत आपल्याकडे घ्यायची. बीपलला यातलं काहीही करावं लागलं नाही. लॉग पूर्ण शुद्ध, कुणी फेरफार केलेला नाही, आणि गोष्ट धादांत खोटी. यात हे दाखवून द्यायचाच त्याचा हेतू होता म्हणे. दाखवलं खरं.

दुसरा प्रकार जास्त ओंगळ आहे. तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असणारा पत्ता भामटा तयार करतो. मग तुमच्या नावाने त्या पत्त्याला शून्य रक्कम 'पाठवतो'. शून्य रक्कम हलवायला बहुतेक नाण्यांच्या कॉन्ट्रॅक्टना तुमची परवानगी लागत नाही, आणि इव्हेंट मात्र निघतो: अमक्याकडून तमक्याला, शून्य. तुमच्या यादीत तो पत्ता तुम्हीच वापरल्यासारखा दिसतो, आणि पुढच्या वेळी घाईत तुम्ही तोच उचलता. मे २०२४ मध्ये एकाने अशा जुळ्या पत्त्यावर ११५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे सुमारे ७ कोटी डॉलर, पाठवून दिले होते. (त्या प्रकरणात पेरणी जरा वेगळ्या रीतीने झाली होती, मूळ मात्र हेच, यादीत दिसला म्हणून पत्ता आपला मानणं. बहुतेक रक्कम पुढे परत मिळाली, नशीब.)

आणि जे घडलं ते नोंदीत नाही असंही असतं. इथेरियमचं मूळ नाणं, इथर, साधेपणाने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं तर आजवरच्या रिवाजाप्रमाणे कुठलाच इव्हेंट निघत नाही. इथर गुंडाळून 'वेथ' करतात, तेव्हा निघतो 'डिपॉझिट', ट्रान्सफर नव्हे. म्हणजे सगळे ट्रान्सफर मोजून कुणी बेरीज मांडली तर ती बेरीज चुकणार, आणि ती चुकली हे नोंदी सांगणार नाहीत.

आता त्या खिडकीवर बसलेल्या माणसाकडे येते. नोड स्वतः चालवायचा तर हजारो जीबी मावणारी जलद डिस्क हवी, सतत चालू इंटरनेट हवं, देखभाल हवी. माझ्या ओळखीत असं करणारा एकच आहे, तोही हौशी. बाकी सगळे दुसऱ्याच्या नोडला विचारतात. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युरा कंपनीच्या नोडांवर गेथ या प्रोग्रामची जुनी आवृत्ती चालू होती. ते नोड बाकीच्या साखळीपासून फुटून निघाले. इथेरियम चालूच होतं, पण मेटामास्कसारखी पाकिटं अडखळली आणि बायनान्ससारख्या बाजाराला पैसे काढणं काही काळ थांबवावं लागलं. मार्च २०२२ मध्ये याच कंपनीने निर्बंधांसाठी केलेल्या बदलात गफलत झाली आणि व्हेनेझुएलातल्या मेटामास्कवाल्यांना आपलंच पाकीट उघडेना. कंपनीने चूक मान्य करून दुरुस्त केली. पण मला सांगा, ज्या वहीला मालक नाही म्हणता तिचा दरवाजा एका देशापुरता लागला कसा?

एप्रिल २०२३ मध्ये इथरस्कॅन या, सगळे जण बघतात त्या संकेतस्थळाने शून्य रकमेचे ट्रान्सफर आपणहून लपवायला सुरुवात केली. वर सांगितलेल्या भामट्यांमुळेच. निर्णय चांगला होता, मीही तोच घेतला असता! पण बघा ना: सार्वजनिक वहीतल्या कोणत्या ओळी डोळ्यांसमोर याव्यात हे एका खाजगी कंपनीने ठरवलं, आणि बहुतेकांनी ती सेटिंग कधी उघडूनही पाहिली नसेल. गाळणी चांगल्या हातात होती म्हणून ती गाळणी नव्हती असं होत नाही.

हे मी एकटीच बरळते असं वाटू नये म्हणून सांगते. मूळ रचनेत प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावर २०४८ बिटांची एक खूण ठेवलेली आहे, 'ब्लूम फिल्टर'. ब्लॉकातल्या लॉगचा प्रत्येक पत्ता आणि टॉपिक त्यातले ३ बिट पेटवतो. ही खूण म्हणजे शाळेच्या फाटकावरचा शिपाई: "नाही" म्हणाला तर तो मुलगा आत नक्की नाही, "असेल" म्हणाला तर आत जाऊन बघा. छान कल्पना. पण ब्लॉकात गर्दी वाढली तसे जवळजवळ सगळेच बिट पेटू लागले आणि शिपाई प्रत्येकाला "असेल, असेल" म्हणू लागला. २०२४ मध्ये खुद्द विटालिक ब्युटेरिन यांनी ही खूण काढून टाकायचा प्रस्ताव मांडला (क्रमांक ७६६८), आणि त्यात कारण स्पष्ट लिहिलंय, की इतिहास शोधायचा हा मार्ग फार संथ ठरला आणि जवळजवळ सगळे जण आता मधल्या केंद्रित सेवांकडूनच नोंदी घेतात. ज्यांनी घर बांधलं ते सांगताहेत की पुढचा दरवाजा अडलाय आणि येजा शेजाऱ्याच्या अंगणातून चालते. आणि आमची मुलं मला दरवाजाचं माप दाखवताहेत!

अजून ताजी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये इथेरियम फाउंडेशनने जाहीर केलं, की नोड चालवणारे प्रोग्राम आता सप्टेंबर २०२२ मधल्या 'मर्ज'पूर्वीचा इतिहास टाकून देऊ शकतात. ३०० ते ५०० जीबी जागा वाचते. नोड चालवणाऱ्यांची सोय झाली, त्यात वाईट काही नाही, आणि जुना इतिहास नाहीसा झाला असंही नाही. तो सांभाळणाऱ्या संस्था आणि स्वयंसेवक आहेत. पण "कायम, सर्वत्र, प्रत्येकाजवळ" या तीन शब्दांतला शेवटचा आता गळला. बीपलच्या त्या खोट्या प्रतीची नोंद २०२१ ची, म्हणजे नेमकी टाकून देण्याजोग्या काळातली. ती बघायची तर ज्याने जपून ठेवलीय त्याच्याकडे जावं लागणार. आम्ही याला दफ्तरखाना म्हणत असू.

भाचा हे वाचून वैतागणार हे मला ठाऊक आहे. त्याचं म्हणणं न्यायाने मांडते. "मावशी, तुमच्या कागदी रजिस्टरात पान फाडता येतं, खाडाखोड करता येते, मागची तारीख टाकता येते. इथे नाही." खरं आहे, शंभर टक्के खरं. मी नोकरीत असताना जन्मतारखेवर ब्लेड फिरवलेलं रजिस्टर डोळ्यांनी पाहिलंय. एखादी नोंद अमुक ब्लॉकात होती हे पावत्यांच्या हॅशवरून गणिताने सिद्ध करता येतं, हे तर फारच मोलाचं. २०२२ मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या साखळीशी जोडायचा उपक्रम जाहीर झाला होता. तिथे हे तंत्र शोभतं. दाखला हातात आहे, त्याचा ठसा साखळीवर आहे, दोन्ही जुळतात का बघायचं. संपलं. अशा कामात माझी काही तक्रार नाही.

पण हिशेब तपासणं हे हातातला कागद जुळवणं नाही. हिशेब तपासणारा जे समोर ठेवलं नाही ते शोधतो. कुठली पावती नाही? कुठल्या मुलाचं नाव यादीत असायला हवं होतं आणि नाही? "आहे" हे एका नोंदीने सिद्ध होतं. "एवढंच आहे" हे सिद्ध करायला सगळ्या नोंदी, बरोबर गाळणी आणि संशयी माणूस, तिन्ही लागतात. खाडाखोड होत नाही म्हणजे वगळलेलं नाही, असा अर्थ कुठल्या व्याकरणात लागतो? मुळात लिहिलंच नाही तर खोडायची गरज काय! आणि वसतिगृहाची फी भरली हे कॉन्ट्रॅक्टला कोण सांगणार? बटण दाबणारा सचिवच ना? मग विश्वास त्याच्यावरच ठेवला, फक्त महागड्या शाईने.

म्हणून मी निधीला लेखी कळवलंय, की नोंदी साखळीवर ठेवायला माझी हरकत नाही, पण शेवटचं कलम काढा. आणि यापुढे "साखळीवर बघा" असं म्हणून कुणी आकडा पुढे केला तर त्यासोबत प्रश्नही लिहून द्यावा: कोणती साखळी, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता कोणता, कुठल्या ब्लॉकापासून कुठल्या ब्लॉकापर्यंत, कोणते टॉपिक लावले, कुणाच्या नोडला विचारलं. तोच प्रश्न दुसऱ्या एखाद्या नोडला विचारून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवावीत. ताज्या ब्लॉकांवर अवलंबून राहू नये, कारण साखळीचं टोक क्वचित मागे फिरतं आणि नोंद 'रद्द' असा शेरा घेऊन परत येते. शेवटी बँकेचं पासबुक आणि वसतिगृहाच्या पावत्या यांच्याशी बेरीज जुळवावी. हे शेवटचं काम आम्ही दोघं म्हातारे करूच.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नाही. मुलांची नावं साखळीवर जाता कामा नयेत. वडिलांना फी भरता आली नाही ही गोष्ट एखाद्या मुलीच्या नावापुढे कायमची, जगाला दिसेल अशी कोरून ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? यावर उत्तर आलं, की नाव नको, शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर हॅश करून टाकू, हॅश उलगडत नाही. उलगडत नाही हे मीच वर लिहिलंय. पण आमच्या शाळेत आजवर दाखल झालेली मुलं किती? काही हजार. एकपासून त्या आकड्यापर्यंत प्रत्येक नंबरचा हॅश काढायचा आणि जुळतो का बघायचा. भाच्याने माझ्यासमोर करून दाखवलं. मी चष्मा पुसून होईपर्यंत यादी तयार होती. त्या यादीसकट माझं पत्र गेलंय. सभासदांपैकी ज्यांना प्रत हवी असेल त्यांनी माझ्याकडून मागून घ्यावी. पंधरा पानं आहेत, त्यातली अकरा नुसत्या विचारलेल्या प्रश्नांची आणि आलेल्या उत्तरांची, रिकाम्या यादींसकट.